म्हशीच्या प्लाझ्मात माणसाच्या एलायझा किटने प्रोजेस्टेरॉन मोजतोय, आकडे विचित्र येतायत, कोणी केलंय का हे?

गोठा_ते_लॅब

नमस्कार मंडळी. एमव्हीएससी करतोय, पशुप्रजनन विषय, थिसिस मुक्या माजावर आहे (जनावर माजावर असतं पण लक्षणं दाखवत नाही). पंढरपुरी म्हशी आणि थोड्या संकरित गायी, दोन्हींचं रक्त मानेच्या शिरेतून हेपरिनच्या ट्यूबमध्ये घेतलं, प्लाझ्मा काढून उणे वीसला ठेवला आणि आता प्रोजेस्टेरॉन (गाभणपण टिकवणारं हार्मोन) एलायझाने, म्हणजे अँटिबॉडी आणि रंगावर चालणाऱ्या टेस्टने, काढतोय. किट माणसाच्या सीरमसाठी आहे, गायी-म्हशींचं वेगळं किट बजेटमध्ये बसत नव्हतं आणि डिपार्टमेंटला आधीपासून हेच वापरतात.

आता घोळ असा की ज्या म्हशी पक्क्या माजावर होत्या, म्हणजे काचेसारखा सोट (चिकट स्राव) टाकत होत्या, हात घालून बघितलं तर गर्भाशय ताठ, सीएल (अंडाशयावरची प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) नाही, त्यांचं प्रोजेस्टेरॉन १ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली यायला हवं ना? माझ्याकडे १.६, १.८, २.१ असं येतंय. आणि उलट बाजूला गाभण गायी, तीन महिन्यांच्या पुढच्या, गर्भतपासणी स्वतः केलेली, त्यातल्या काहींचं ०.९ आणि १.२. म्हणजे माजावरची म्हैस गाभण आणि गाभण गाय माजावर असा निकाल लागतोय 😅 गाईड म्हणतात किट कंपनीचं आहे, कर्व्ह (किटच्या ठरावीक प्रमाणाच्या स्टँडर्ड बाटल्यांवरून काढलेला आलेख) चांगला आलाय, आकडे टाक. कर्व्ह खरंच चांगला आलाय, ड्युप्लिकेटही (एकाच सँपलची दोन मोजमापं) जुळतायत, म्हणून तर डोकं फिरलंय.

अजून माहिती लागेल म्हणून सांगतो. म्हशी कॉलेजच्या फार्मवरच्या आहेत, रक्त घेतलं की अर्ध्या तासात सेंट्रीफ्यूज. गायी जवळच्या गावांतल्या, सकाळी फिरून रक्त गोळा करायचं आणि दुपारी लॅबला आल्यावर सेंट्रीफ्यूज. सीनियरच्या थिसिसमध्ये लिहिलं होतं म्हणून प्लाझ्मात थोडं सोडियम अझाइड टाकलंय टिकावं म्हणून. एक्सट्रॅक्शन (हार्मोन आधी प्लाझ्मातून वेगळं काढणं) वगैरे काही नाही, किटच्या कागदात थेट २५ मायक्रोलिटर घाला असं आहे तसं घातलं. काय चुकत असेल?

जुना_काउंटर

रिटायर्ड माणूस आहे, एलायझा माझ्या काळात शेवटी शेवटी आलं, त्याआधी आम्ही सगळं रेडिओइम्युनोअसेने करायचो, त्यात रंगाऐवजी किरणोत्सर्गी खूण मोजतात. तुझ्या प्रश्नातच तुझी बरीचशी उत्तरं पडलेली आहेत बाळा, फक्त दोन वेगळे घोळ एकत्र झालेत त्यामुळे दिसत नाहीयेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. ही काँपिटिटिव्ह टेस्ट आहे. प्रोजेस्टेरॉनचा रेणू ३१४ डाल्टनचा, एवढासा, त्याला एका वेळी दोन अँटिबॉडी धरूच शकत नाहीत, त्यामुळे टीएसएच किंवा एलएच या मोठ्या हार्मोनांसारखी सँडविच टेस्ट इथे होत नाही. प्लेटच्या वेलच्या (छोट्या खळग्याच्या) तळाला मोजक्या अँटिबॉडी, म्हणजे एसटीत मोजक्या सीटा, आणि त्यासाठी तुझ्या सँपलमधलं हार्मोन आणि कंपनीने एन्झाइम चिकटवलेलं हार्मोन भांडतात. सँपलमध्ये हार्मोन जास्त तर एन्झाइमवाल्याला जागा कमी, मग रंग कमी. म्हणजे रंग कमी करणारी प्रत्येक गोष्ट इथे हार्मोन म्हणून मोजली जाते. खरं हार्मोन असो, दुसरं स्टेरॉइड असो, प्रथिन असो, नाहीतर एन्झाइम मारणारं विष असो, मशीनला काही कळत नाही, ते ४५० नॅनोमीटरला पिवळा रंग बघतं आणि आकडा छापतं.

आता तुझ्या म्हशी. स्टँडर्ड कशात बनवलेत ते किटच्या कागदावर बघ, माणसाच्या सीरममध्ये नाहीतर बफरमध्ये असतील. रक्तात प्रोजेस्टेरॉन मोकळं फिरत नाही, अल्ब्युमिन आणि सीबीजी ही प्रथिनं त्याला धरून असतात, आणि थेट घालायच्या किटमध्ये ते सोडवायला कंपनी काहीतरी रसायन घालते, पण ते माणसाच्या प्रथिनांसाठी जुळवलेलं असतं. म्हशीच्या प्लाझ्मात ते पुरं पडेलच असं नाही. मग म्हशीची प्रथिनं कंपनीच्या एन्झाइमवाल्या हार्मोनलाच धरून बसली की ते धुण्यात वाहून जातं, रंग कमी, आकडा वर. हार्मोन नसतानाही १.५-२ दिसतं. आणि तुझा कर्व्ह चांगला येणारच की, कर्व्ह कंपनीच्या बाटल्यांचा आहे, त्यात म्हैस कुठेय? ड्युप्लिकेट जुळणं म्हणजे तुझा हात चांगला, बाकी काही नाही.

अझाइडचं बोलायचं तर आम्ही सर्रास टाकायचो, ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) मोजायला काय फरक पडतो. तुझ्या सीनियरचं काम रेडिओइम्युनोअसेचं असेल, तिथून ती ओळ उतरत उतरत तुझ्यापर्यंत आली. तुझ्या किटमध्ये लेबल एचआरपी आहे, म्हणजे रंग आणणारं एन्झाइम, आणि अझाइड हे एचआरपीचं विष आहे, बहुतेक किटांच्या कागदावर अझाइड टाकू नका असं छापलेलं असतं. धुण्यात बरंच निघून जातं हे खरं, पण भरवशाचं काम नाही. आणि अझाइडवालं पाणी सिंकमध्ये ओतू नकोस, तांब्या-शिशाच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार बनतात.

आमच्याकडे थेट प्लाझ्मा कोणी घालतच नव्हतं. अर्धा मिली प्लाझ्मा, त्यात दहापट इथर, दोन मिनिटं व्होर्टेक्स, मग कोरडा बर्फ आणि अल्कोहोलच्या बाथमध्ये बुडवायचं, खालचा पाण्याचा थर गोठतो आणि वरचं इथर सरळ दुसऱ्या नळीत ओतून घ्यायचं. ते उडवलं की तळाला फक्त चरबीत विरघळणारं उरतं, स्टेरॉइड त्यात आलं, प्रथिनं मागे राहिली, तुझं अझाइडही पाण्यातच राहील. मग अँटिबॉडी, ट्रिशियमवालं प्रोजेस्टेरॉन, रात्रभर चार डिग्रीला, सकाळी डेक्स्ट्रान लावलेला कोळसा घालून मोकळं राहिलेलं ओढून घ्यायचं. कोळसा सगळ्या नळ्यांत सारखा वेळ राहिला पाहिजे, पहिल्या आणि शेवटच्या नळीत फरक पडला की अख्खी बॅच गेली, त्या दहा मिनिटांत लॅबमध्ये कोणी कोणाशी बोलायचं नाही असा आमचा नियम होता.

गोठा_ते_लॅब

सर _/\_ हे कोणीच सांगितलं नव्हतं. किटचा कागद काढून बघितला, स्टँडर्ड माणसाच्या सीरममध्येच आहेत, आणि अझाइडची सूचना खरंच आहे, बारीक अक्षरात. पण गायींचं काय? तिथे तर उलट कमी येतंय, आणि अझाइड त्यातही आहे.

डॉ_सीमा_पशुवैद्यक

गायींचं मी सांगते, हे क्लासिक आहे. गायीचं रक्त न फिरवता (सेंट्रीफ्यूज न करता) ठेवलं की तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉन खातात, म्हणजे त्याचं दुसऱ्या स्टेरॉइडमध्ये रूपांतर करतात, आणि ते नवीन स्टेरॉइड तुझी अँटिबॉडी नीट ओळखत नाही. रूम टेंपरेचरला काही तासांत आकडा भरपूर खाली येतो आणि उन्हाळ्यात जीपच्या डिकीत ट्यूबा असतील तर विचारूच नको. बर्फात ठेवलं तर हे खूप मंदावतं. तू सकाळी घेतलेलं रक्त दुपारी फिरवलंस, म्हणजे सगळ्यात आधीच्या गोठ्यातल्या गायी सगळ्यात कमी दिसायला हव्यात. नोंदवहीत वेळ लिहिलीयस ना? वेळ आणि आकडा शेजारी लावून बघ, लगेच कळेल. प्लाझ्मा एकदा पेशींपासून वेगळा झाला की मग काही होत नाही, आणि अझाइड तू नंतर प्लाझ्मात टाकलंस, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

ही भानगड माणसाच्या लॅबवाल्यांना फारशी माहीत नसते कारण त्यांना एवढी नडत नाही. म्हशीच्या पेशी गायीइतकं खातात का ते स्वतः तपासून बघ, एकाच म्हशीचं रक्त चार ट्यूबमध्ये घे, एक लगेच फिरव, बाकी दोन-दोन तासांनी. थिसिसमध्ये एक छान छोटा तक्ताही होईल.

त्या गायींचे सँपल आता काही केलं तरी परत येणार नाहीत, जे हार्मोन गेलं ते गेलं. म्हशींचे मात्र वाचतील, कारण तिथे हार्मोन आहे तसंच आहे, फक्त मोजणं चुकतंय.

आता व्हॅलिडेशन, म्हणजे हे किट म्हशीवर चालतं का ते तपासणं. जुना_काउंटर सरांनी का ते सांगितलं, मी कसं ते सांगते. पाच-सहा महिन्यांच्या गाभण म्हशीचा जास्त आकड्याचा प्लाझ्मा घे, तो निम्मा, पाव, अष्टमांश असा पातळ करत जा आणि प्रत्येकाचा आकडा परत तितक्या पटीने गुण. गुणल्यावर सगळीकडे साधारण एकच यायला हवं. पातळ करताना आकडा वर वर सरकत गेला तर प्लाझ्मातलं काहीतरी आड येतंय. दुसरं म्हणजे, प्रोजेस्टेरॉन नसलेला म्हशीचा प्लाझ्मा तयार कर, कोळशाने स्ट्रिप करून (हार्मोन ओढून काढून), नाहीतर लहान रेड्याचा घे, आणि तो सरळ प्लेटवर घाल. त्याचा रंग किटच्या शून्य स्टँडर्डएवढाच आला पाहिजे. मला पैज लावायची तर तुझा तो १.५ च्या आसपास वाचेल. मग त्याच प्लाझ्मात मोजून प्रोजेस्टेरॉन घाल, १, ४, १० नॅनोग्रॅम, आणि किती परत मिळतं बघ.

स्ट्रिप केलेल्या प्लाझ्मातच स्टँडर्ड बनवून कर्व्ह काढला तर कधी कधी एक्सट्रॅक्शनशिवायही भागतं. पण माजाच्या दिवशीचे आकडे हाच तुझा मुद्दा आहे आणि ते ०.५ च्याही खाली असतात, म्हणजे कर्व्हच्या एकदम टोकाला, तिथे मी तरी इथर काढूनच करेन. काचेच्या नळ्या वापर, प्लास्टिकला स्टेरॉइड चिकटतं. आणि इथरच्या नळ्या साध्या फ्रीजमध्ये ठेवायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर ऐकू नको, आत ठिणगी पडली की फ्रीजचा दरवाजा समोरच्या भिंतीत सापडतो.

पॅथॉलॉजी_ताई

माणसांच्या लॅबमधून लिहितेय. सीमाताई, आम्हाला पेशी खाण्याचा त्रास नाही पण बाकीचं सगळं आहे हो, फक्त आमच्याकडे कोणी विचारत नाही, कारण रिपोर्टवर एच किंवा एल (जास्त किंवा कमी) छापून येतं आणि लोक त्यावर गोळ्या चालू करतात.

उदाहरण सांगते. मुलीचं लग्न ठरलंय, अंगावर लव जास्त, पीसीओडीची शंका, टेस्टोस्टेरॉन सांगितलं. रिपोर्ट एकदम वर. घाबरून सोनोग्राफी, ॲड्रिनलमध्ये गाठ आहे का बघायला सीटीपर्यंत गोष्ट जाते. नीट विचारलं तर घरात पूजा होती म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चालू होत्या. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, त्याचा सांगाडा टेस्टोस्टेरॉनच्या फार जवळचा, काही किटांची अँटिबॉडी त्याला टेस्टोस्टेरॉनच समजते. बायकांचं टेस्टोस्टेरॉन मुळात १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, पुरुषांचं ३०० ते १०००. पुरुषाच्या आकड्यात २० इकडचे तिकडे झाले तर कळतही नाही, बाईच्या आकड्यात तेच २० म्हणजे निदान बदललं. एंडोक्राइन सोसायटीने २००७ मध्येच जाहीर सांगितलंय की बायका आणि लहान मुलांचं टेस्टोस्टेरॉन अशा थेट किटांवर विश्वासाने मोजता येत नाही. तरी आपल्याकडे ‘हेल्थ पॅकेज’मध्ये ते फुकट घालून देतात.

तसंच प्रेडनिसोलोन चालू असलेल्याचं कॉर्टिसॉल. बऱ्याच किटांत प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉल म्हणूनच वाचलं जातं, मग ज्याची स्वतःची ॲड्रिनल झोपलेली आहे त्याचाही रिपोर्ट नॉर्मल येतो आणि हे जास्त धोक्याचं, कारण वर आलेला आकडा कोणीतरी परत तपासतं, नॉर्मल कोण तपासणार. डेक्सामेथासोन बहुतेक किटांत असा गोंधळ घालत नाही म्हणून सप्रेशन टेस्ट (औषधाने कॉर्टिसॉल दबतं का बघायची) त्याच्यावर चालते.

आणि केसांच्या गोळ्या! बायोटिन ५-१० मिलिग्रॅम. बऱ्याच मशीनमध्ये पकड स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिन या एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या जोडीवर असते, रक्तात बायोटिन जास्त झालं की काँपिटिटिव्ह टेस्ट खोटी वर जाते आणि सँडविच टेस्ट खोटी खाली. एकाच बाईचं एस्ट्राडायॉल वर आणि टीएसएच खाली आलं की मी आधी केस गळतायत का विचारते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा काढला होता. तुमच्या म्हशी बायोटिन खात नसतील अशी आशा 😄

मास_स्पेक_पुणे

एवढं वाचल्यावर कोणीतरी म्हणणारच की मग एलसी-एमएसएमएसवरच (मास स्पेक मशीनवर) करा, म्हणून मीच आधी बोलतो, कारण दिवसभर तेच करतो. हो, ते जास्त नेमकं आहे, रेणू वजनावरून आणि तुकड्यांवरून ओळखला जातो, सोबत ड्युटेरियमवालं तेच हार्मोन मोजून घातलेलं असतं त्यामुळे एक्सट्रॅक्शनमध्ये किती गेलं ते आपोआप सुधारतं. पण तेही डोळे झाकून नाही. १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आणि ११-डीऑक्सीकॉर्टिकोस्टेरॉन दोघांचं वजन तंतोतंत सारखं, टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईएचंही तसंच. आधीच्या कॉलममध्ये ते वेगळे झाले नाहीत तर कोटीचं मशीनसुद्धा गंडतं.

तुझ्या प्रश्नासाठी, म्हणजे सीएल चालू आहे की नाही, नीट तपासलेली अँटिबॉडी टेस्ट पुरेशी आहे. माजात अर्ध्या नॅनोग्रॅमच्या खाली आणि मधल्या काळात दोन-चार नॅनोग्रॅम, एवढा फरक दाखवायला मास स्पेक नको. जमलं तर वीसेक सँपल कुठेतरी मास स्पेकवर करून घे आणि शेजारी शेजारी लाव, परीक्षक गप्प बसतात.

अजून एक, किटच्या कागदावर क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचा तक्ता असतो तो वाच. कुठलं स्टेरॉइड किती टक्के पकडलं जातं हे बरंचसं एका गोष्टीवर ठरतं, अँटिबॉडी बनवताना हार्मोन कुठल्या कार्बनवरून प्रथिनाला जोडलं होतं. एवढासा रेणू सशाला टोचून काही होत नाही, शरीर दखलच घेत नाही, म्हणून तो बोव्हाइन अल्ब्युमिनला चिकटवून टोचायचा, ही युक्ती अर्लांगर, लिबरमन वगैरे मंडळींनी १९५७ मध्ये टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसोनवर केली. ज्या टोकाने चिकटवला ते टोक अँटिबॉडीला दिसत नाही. प्रोजेस्टेरॉन तिसऱ्या कार्बनवरून जोडलं तर त्या बाजूला बदल झालेली त्याची भावंडंही अँटिबॉडीला सारखीच वाटतात. म्हणून अकराव्या कार्बनवरून जोडतात, मधूनच, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी दिसतात. चांगल्या प्रोजेस्टेरॉन अँटिबॉडी बहुतेक अशाच.

जुना_काउंटर

मास स्पेकवाल्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आमचा अँटिसीरम अकराव्यावालाच होता, सशाचा. रेडिओइम्युनोअसे शोधणाऱ्या यालो बाईंना १९७७ साली नोबेल मिळालं ते इन्शुलिनसारख्या पेप्टाइडच्या कामावर, त्यांचे जोडीदार संशोधक बर्सन तोपर्यंत वारले होते, १९७२ मध्ये, आणि दोघांनी पेटंट घेतलं नाही म्हणून आपल्यासारख्यांना परवडलं. थायरॉइडच्या टी३ टी४ ची किटं आम्ही वाशीहून, ब्रिट या सरकारी आयसोटोपवाल्या संस्थेकडून आणायचो, आयोडीन-१२५ चं अर्धायुष्य साठ दिवसांचं, त्यामुळे पेशंट असोत नसोत, कॅलेंडर किटच्या हिशोबाने चालायचं. स्टेरॉइडचं मात्र ट्रिशियमवर, घरचंच.

सांगलीचा_फिरता_डॉक्टर

मी फक्त फील्डवरचं सांगतो. शेतकऱ्याला हे सगळं कशाला हवं तर भर उन्हाळ्यात म्हैस माज दाखवत नाही, भरवायची वेळ निघून जाते, वेत लांबतं आणि भाकड काळात चारा फुकट. दोनदा भरवलेली उलटली (गाभण न राहता परत माजावर आली) की तो मला शिव्या घालतो, रेतनाच्या कांडीला शिव्या घालतो. रेतन केलं त्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन बघितलं तर कितीतरी वेळा म्हैस माजावर नव्हतीच हे कळतं. तेव्हा तुझा तो १.८ खरा की खोटा यावर बरंच अवलंबून आहे रे. रक्ताऐवजी दुधात का नाही करत? प्रोजेस्टेरॉन चरबीत जातं त्यामुळे म्हशीच्या दुधात आकडा प्लाझ्मापेक्षा मोठा मिळतो, सुई टोचायची नाही, मालक खूश.

डॉ_सीमा_पशुवैद्यक

दुधात करता येतं पण मग फॅट बदललं की आकडा बदलतो, सुरुवातीचं दूध आणि शेवटच्या धारा यातसुद्धा फरक. त्याचं वेगळं व्हॅलिडेशन. थिसिसचा विषय आत्ता नको बदलायला लावू त्याला 🙂

गोठा_ते_लॅब

सगळ्यांचे आभार. नोंदवही काढली. गायींच्या वेळा लावून बघितल्या, पहिल्या दोन गोठ्यांतल्या गायीच सगळ्यात कमी आहेत, शेवटच्या गोठ्यातली ५.४ आहे. डॉ. सीमा मॅडम एकदम बरोबर. गायी परत करणार, यावेळी गाडीत बर्फाची पेटी आणि बॅटरीवरचं छोटं सेंट्रीफ्यूज मिळतंय का बघतो. आता प्रश्न असा की एक अख्खी प्लेट आणि काही सुट्या स्ट्रिप उरल्यात, नवीन किटला पैसे मार्चनंतर. आधी काय करू?

डॉ_सीमा_पशुवैद्यक

अख्खी प्लेट फोडू नको. सुट्या स्ट्रिपांवर आधी एवढंच कर: किटचे स्टँडर्ड, स्ट्रिप केलेला म्हशीचा प्लाझ्मा अझाइडसह आणि अझाइडशिवाय, तोच प्लाझ्मा ४ नॅनोग्रॅम घालून, आणि माजावरच्या दोन म्हशींचे सँपल थेट व इथर काढून. सगळं ड्युप्लिकेट. यात अझाइड किती आणि प्रथिनं किती ते वेगळं वेगळं दिसेल. इथर उडवल्यावर जे उरतं ते किटच्या शून्य स्टँडर्डमध्ये विरघळव, साध्या बफरमध्ये नको, नाहीतर परत मॅट्रिक्स (हार्मोन ज्या द्रवात आहे तो) बदलला. घातलेल्या ४ पैकी साडेतीनच्या वर परत मिळालं आणि माजावरच्या म्हशी अर्ध्याच्या खाली गेल्या तर मग प्लेटवर सगळ्या म्हशी इथर काढून घे.

आणि भरताना मल्टिचॅनल पिपेट वापर. एकेक वेल भरत बसलास तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीत पंधरा मिनिटांचा फरक पडतो आणि काँपिटिटिव्हमध्ये तोही हार्मोन म्हणून दिसतो. प्लेट फ्रीजमधून काढून आधी रूमला येऊ दे, कडेच्या वेलांमध्ये सँपल ठेवायचेच असतील तर ड्युप्लिकेटचं एक कडेला आणि एक मध्ये. उरलेल्या स्ट्रिप सिलिका जेलच्या पुडीसकट पाकीट नीट बंद करून ठेव. आणि गाईडना अझाइडची ती बारीक अक्षरातली ओळ फोटो काढून पाठव, तोंडी सांगू नको.